आईच्या खोलीत कॅमेरा लावायचा का? वृद्धसेवा केंद्रातील सीसीटीव्ही आणि तिथे राहणाऱ्यांचा खासगीपणा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे गृहस्थ बंगळुरूला नोकरी करतात. त्यांच्या आई 79 वर्षांच्या, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेली. नाशिकच्या एका खासगी वृद्धसेवा केंद्रात त्या आणखी एका आजींसोबत एका खोलीत राहतात. मागच्या भेटीत मुलाला आईच्या दोन्ही दंडांवर निळे डाग दिसले. विचारल्यावर ‘कुठेतरी आपटलं असेल’ एवढंच उत्तर मिळालं. आईच्या पलंगासमोर कॅमेरा बसवून तो मोबाइलवर पाहायची परवानगी त्यांनी मागितली, ती केंद्राने नाकारली. हा नकार कायद्याला धरून आहे का, कॉरिडॉरचं फुटेज मागता येतं का आणि आता करायचं काय, असं त्यांनी विचारलं आहे.

वृद्धसेवा केंद्रांत समाजसेविका म्हणून मी बरीच वर्षं काम करते आहे, त्या अनुभवावरून सांगते. खोलीत कॅमेरा लावू न देण्यात केंद्राची चूक नाही. डागांचं नीट उत्तर न देण्यात मात्र मोठी चूक आहे. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. कॅमेऱ्याची परवानगी मिळेपर्यंत डागांची चौकशी थांबवायचं काहीच कारण नाही.

आधी डागांविषयी. या वयात कातडी कागदासारखी पातळ होते. त्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पलंगाच्या कठड्याला हात लागला तरी काळंनिळं होतं. असे डाग बहुतेक वेळा मनगटाच्या वर, हाताच्या बाहेरच्या बाजूला किंवा नडगीवर दिसतात. दोन्ही दंडांवर, त्यातही आतल्या बाजूला, बोटांच्या आकाराचे डाग असतील तर कोणीतरी दंड घट्ट धरलेत असं समजावं. त्यामागे दरवेळी दुष्टपणाच असतो असं नाही. रात्री एकटी मावशी ड्युटीवर असते, आजींना पलंगावरून खुर्चीत बसवायचं असतं, मदतीला दुसरं माणूस नसतं, मग ती दंडाला धरून उचलते. माणूस असं उचलायचं नसतं. त्याला दोघं लागतात, नाहीतर कमरेला बांधायचा पट्टा लागतो. म्हणून केंद्राला पहिला प्रश्न विचारा की आईला पलंगावरून उठवतं कोण आणि कसं. समोर करून दाखवायला सांगा. पाच मिनिटांत बरंच काही कळतं.

सोबतच आईला विचारून डागांचे फोटो काढा. फोटोत शेजारी एखादं नाणं ठेवा, म्हणजे आकार कळतो, आणि तारीख लिहून ठेवा. केंद्राबाहेरच्या डॉक्टरांना दाखवून त्यांच्याकडून लेखी नोंद घ्या. केंद्राची हँडओव्हरची (पाळी बदलताना लिहायची) वही आणि अपघातांची नोंदवही पाहायला मागा. बऱ्या केंद्रात स्पंजिंग करताना, म्हणजे ओल्या कापडाने अंग पुसताना, अंगावर नवा डाग दिसला की त्याच पाळीत नोंद होते आणि घरी फोन जातो. नोंदच नसेल तर तेही लेखी विचारा.

आता फुटेज. ते मागायचं असेल तर घाई करा. साधा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा जुन्या पद्धतीने सलग रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण 40 जीबी जागा खातो. आठ कॅमेरे आणि दोन टीबीची हार्ड डिस्क असेल तर हिशेब सहा दिवसांच्या आसपास येतो. नव्या कॉम्प्रेशनमध्ये, किंवा हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग होईल अशी सोय केलेली असेल, तर ही मुदत वाढते. पण डिस्क भरली की डीव्हीआर (रेकॉर्डिंग साठवणारं यंत्र) जुन्यावर नवं लिहू लागतो, कोणी काही पुसायची गरज नसते. पुढच्या महिन्यात नाशिकला जाऊन बघू म्हणालात तर हाती काही लागणार नाही.

त्यासाठी आजच ईमेल पाठवा आणि तेच पत्र स्पीड पोस्टानेही पाठवा. त्यात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतचं, आईच्या खोलीबाहेरच्या कॉरिडॉरचं रेकॉर्डिंग वेगळं काढून जपून ठेवावं, असं स्पष्ट लिहा. ‘फुटेज द्या’ आणि ‘फुटेज जपून ठेवा’ या दोन वेगळ्या मागण्या आहेत. पहिली केंद्र नाकारू शकतं, कारण त्या चित्रात इतर आजी-आजोबा आणि कर्मचारीही असतात आणि त्यांची चित्रं तुमच्या पेनड्राइव्हवर देण्याचा अधिकार केंद्राला सहजासहजी नाही. दुसरी मागणी नाकारायला कारण सापडत नाही. व्यवस्थापकांसोबत बसून तेवढा भाग पाहू द्या, अशी मागणी करा. तेही नाकारलं आणि तुमचा संशय पक्का असेल, तर पोलिसांत तक्रार द्या. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 94 खाली पोलीस आणि न्यायालय ते रेकॉर्डिंग मागवून घेऊ शकतात. पुढे ते पुरावा म्हणून दाखल करायचं झालं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं. मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून आणलेली क्लिप तिथे फारशी टिकत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे येते. तुमच्या मनात पलंगासमोरचा कॅमेरा मारहाण पकडण्यासाठी आहे. तो दिवसभर प्रत्यक्षात काय टिपेल ते सांगते. सकाळी स्पंजिंग होतं, तेव्हा अंगावरचे सगळे कपडे काढावे लागतात. डायपर असेल तर दिवसातून तीनचार वेळा बदलतात, प्रत्येक वेळी पुसणं, पावडर, मलम. बेडसोअर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) असेल तर कूस वळवून ड्रेसिंग. शेजारच्या पलंगावरच्या आजींना कॅथेटर (लघवीची नळी) असेल तर त्याची सफाई. जेवताना सांडणं, रात्री घाबरून रडणं, स्वतःशी बोलणं. हे सगळं तुमच्या मोबाइलवर चोवीस तास येणार. तुमच्या आईने आयुष्यात कधी मुलासमोर पदर ढळू दिला नसेल. आता तिचं अंग उघडं असताना तो बंगळुरूच्या ऑफिसमधून बघू शकतो, हे तिला चालेल का? बऱ्याच मुलांनी हा विचारच केलेला नसतो, कारण त्यांची काळजी खरी असते. पण आधी हाच विचार करायला हवा.

कायद्याचंही म्हणणं जवळपास असंच आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई नुसार कोणाच्याही शरीराच्या खासगी भागाचं चित्र संमतीशिवाय टिपणं, प्रसिद्ध करणं किंवा पाठवणं हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘इथे मी आडोशाला आहे, कपडे काढले तरी कोणी टिपणार नाही’ असं माणसाला रास्तपणे वाटेल अशी जागा तिथे अभिप्रेत आहे, आणि वृद्धाश्रमातली झोपायची खोली म्हणजे नेमकी तीच जागा. हे कलम पुरुषांनाही लागू आहे. आजोबांच्या खोलीत कॅमेरा चालतो असा समज अनेक संचालकांमध्ये मला दिसतो, तो चुकीचा आहे. स्त्रियांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 77 वेगळं आहे. पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं, पुन्हा केल्यास तीन ते सात वर्षं शिक्षा. त्यातलं एक स्पष्टीकरण घरच्यांनी जरूर वाचावं. टिपायला संमती होती पण दुसऱ्याला पाठवायला नव्हती, तर पाठवणं हाही गुन्हाच ठरतो. अशी क्लिप ‘बघा आईची काय अवस्था केलीय’ म्हणून नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारा मुलगाही यात सापडू शकतो.

या सगळ्याच्या मुळाशी 24 ऑगस्ट 2017 चा पुट्टस्वामी निकाल आहे. खासगीपणा हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 खालचा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं. खासगी केंद्राला हा हक्क लागू कसा, असं काही संचालक विचारतात. जानेवारी 2023 च्या कौशल किशोर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने बहुमताने म्हटलं आहे की अनुच्छेद 19 आणि 21 चे हक्क सरकारखेरीज इतरांविरुद्धही बजावता येतात. शिवाय 2025 साली कलकत्ता उच्च न्यायालयाने घराच्या राहत्या भागात सहनिवाशाच्या संमतीशिवाय कॅमेरे चालवायला मनाई केली, आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तो वाद भावांमधला होता, वृद्धाश्रमाचा नव्हता. पण तुमच्या आईच्या खोलीतली दुसरी आजी हीसुद्धा सहनिवासीच आहे. तिच्या होकाराशिवाय त्या खोलीत कॅमेरा बसूच शकत नाही, तुम्ही कितीही फी भरत असलात तरी.

कॅमेऱ्याचा उलटा परिणामही मी पाहिला आहे. एका केंद्राने स्त्रियांच्या मोठ्या हॉलमध्ये चार कोपऱ्यांत कॅमेरे लावले होते, सुरक्षेसाठी म्हणून. हॉलमध्ये पडदे होते, पण कॅमेरे वरून बघत. तिथल्या एक आजी रोज साडी बदलायला न्हाणीघरात जायच्या. ओली फरशी, धरायला दांडी नाही, एका पायावर उभं राहून परकर चढवायचा. विचारल्यावर म्हणाल्या, ‘‘तिथं तो डोळा आहे ना.’’ वृद्धांच्या पडण्याच्या जागांमध्ये न्हाणीघर सगळ्यात वाईट, आणि तिथे त्यांना कॅमेऱ्यानेच ढकललं होतं. संचालकांना हे दाखवल्यावर त्यांनी ते कॅमेरे उतरवून हॉलच्या दाराबाहेर लावले. न्हाणीघरात भिंतीला दांड्याही बसवल्या. त्याचा खर्च कॅमेऱ्यांपेक्षा कमी आला.

आता संमती. तुम्ही लिहिलं आहे, ‘आईला काही कळत नाही, म्हणून तिच्या वतीने मीच होकार देतो.’ इथे थोडं थांबा. स्मृतिभ्रंशाची सुरुवात म्हणजे सगळं समजणं संपलं असं नव्हे. बँकेचा फॉर्म समजणार नाही, पण ‘या खोलीत कोणी तुला बघत राहिलं तर चालेल का’ हे समजू शकतं. सकाळी ती ताजीतवानी असताना विचारा, संध्याकाळी नको, कारण या आजारात दिवस मावळताना गोंधळ वाढतो. नुसतं तोंडी सांगू नका. कॅमेरा हातात द्या, तिचंच चित्र मोबाइलवर दाखवा, मग विचारा. दोनतीन वेगवेगळ्या दिवशी तेच उत्तर आलं तर ते तिचं उत्तर समजा. ती ‘नको’ म्हणाली तर तिथेच विषय संपला. तोंडाने हो म्हणाली पण कॅमेऱ्याकडे पाठ करून झोपायला लागली, त्यावर टॉवेल टाकायला लागली, तर तेही नाहीच.

मुलगा आहे म्हणून सज्ञान आईचा पालक आपोआप होता येत नाही. तुमच्याकडे मुखत्यारपत्र असेल तर तेही नीट समजून घ्या. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे देणाऱ्याची समज गेली की मुखत्यारी संपते, म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच ती कामाची उरत नाही. समज पूर्ण गेली असेल तर उच्च न्यायालयात अनुच्छेद 226 खाली अर्ज करून पालक नेमून घेता येतो. मुंबई उच्च न्यायालयाने असे आदेश दिले आहेत. शिवाय मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीचा गंभीर बिघाडही येतो. त्या कायद्याखाली येणाऱ्या संस्थेत राहणाऱ्याला खासगीपणाचा हक्क कलम 20 देतं, आणि डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही गोपनीयता लागू आहे असं कलम 24 सांगतं.

मग खोलीत कॅमेरा कधीच नाही का? आईने स्वतः मागितला तर मी विरोध करणार नाही. काहींना एकटं झोपायची भीती वाटते, काहींना पूर्वी मारहाण झालेली असते. अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने 2001 सालीच यासाठी कायदा केला. त्याचा गाभा मला पटतो: मागणी राहणाऱ्याची, खोलीतल्या जोडीदाराचा लेखी होकार, दारावर ठळक पाटी. आपल्याकडे असा खास कायदा नाही, पण याच धर्तीवर लेखी करार करता येतो. मी त्यात आणखी थोडी भर घालेन. आवाज रेकॉर्ड होऊ नये. कॅमेऱ्याला झाकण असावं आणि अंग पुसताना, डायपर बदलताना ते लावलं जावं. लाइव्ह चित्र कोणाच्याही मोबाइलवर जाऊ नये, रेकॉर्डिंग कुलूपबंद राहावं आणि घटना घडली तरच दोघांच्या उपस्थितीत उघडावं. आईला कधीही ‘काढा’ म्हणता यावं. लाइव्ह चित्राला माझा विरोध ठाम आहे. घरचे ते सतत बघत राहतात, दर अर्ध्या तासाला मावशीला फोन जातो, ‘पाणी का दिलं नाही’, आणि मावशी हळूहळू आजींशी बोलणं सोडून कॅमेऱ्यासाठी काम करू लागते. त्या मावशीलाही खासगीपणा आहे. बारा तासांच्या पाळीत तिला दहा मिनिटं टेकायला, कपडे बदलायला अशी जागा हवी जिथे कॅमेरा नाही.

केंद्राने कॅमेरे लावावेत ते फाटकावर, जिन्याशी, कॉरिडॉरमध्ये, जेवणघरात, औषधांच्या कपाटासमोर. तिथे ते खरंच उपयोगी पडतात. स्मृतिभ्रंशाचे आजोबा फाटकाबाहेर पडले तर कळतं. रात्री दोन ते पाच कोणी राऊंड घेतला का तेही कॉरिडॉरच्या फुटेजमध्ये दिसतं. तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळू शकेल: त्या रात्री खोलीत कोण गेलं, एकटं की दोघं, किती वेळ होतं. कॅमेरा असा वळवावा की दार दिसेल, दारातून आतला पलंग दिसणार नाही. जागा अडचणीची असेल तर चित्राचा तेवढा भाग काळा करायची सोय बहुतेक डीव्हीआरमध्ये असते. बसवणाऱ्याला सांगितलं तर तो ती लगेच चालू करून देतो.

केंद्रात गेलात की स्वागतकक्षातला टीव्ही नक्की बघा. कित्येक ठिकाणी सगळ्या कॅमेऱ्यांची चित्रं तिथे भिंतीवर चालू असतात. दूधवाला, औषधवाला, भेटायला आलेले लोक, सगळे ती बघत बसतात. हे ताबडतोब बंद करायला लावा.

पासवर्डही विचारा. फेब्रुवारी 2025 मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातली स्त्रियांच्या तपासणीची चित्रं इंटरनेटवर विकली जात असल्याचं उघड झालं. अटक झालेल्यांत लातूर आणि सांगलीचे तरुण होते. कॅमेरे रुग्णालयानेच लावलेले होते. कारखान्यातून येतो तोच सोपा पासवर्ड न बदलता ठेवला की इंटरनेटला जोडलेला कॅमेरा कोणालाही उघडता येतो. वृद्धाश्रमांत मी हेच बघते. बसवणारा मुलगा पासवर्ड टाकून जातो, तो संचालकांना माहीत नसतो, पण त्या मुलाच्या मोबाइलवर ॲप चालूच असतं.

डिजिटल व्यक्तिगत विदा (डेटा) संरक्षण कायदा 2023 चा, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. तेव्हा कॅमेरा का आहे, चित्र किती दिवस राहतं, कोण बघतं हे केंद्राला साध्या भाषेत सांगावं लागेल. सुरक्षेत हलगर्जी झाली तर दंडाची कमाल मर्यादा 250 कोटी रुपये आहे. पण चांगल्या केंद्राने त्यासाठी थांबू नये. एका पानाचं कॅमेरा-धोरण मराठीत लिहून प्रवेशाच्या वेळी आजी-आजोबांना वाचून दाखवायला कोणत्याही कायद्याची वाट बघावी लागत नाही.

तुम्हाला हवी आहे ती सुरक्षितता बहुतांशी माणसांतून येते. रात्रपाळीला किती जण असतात आणि किती जणांसाठी, हा आकडा लेखी मागा. पलंगाशी घंटी आहे का, ती वाजते का, वाजवल्यावर कोणी किती वेळात येतं हे स्वतः दाबून बघा. आई पलंगावरून उठली की मावशीकडे वाजणारी सेन्सरची चटई मिळते, तिच्यात चित्र नसतं आणि पडणं टाळायला ती कॅमेऱ्याहून जास्त कामाची. तुम्हाला दर महिन्याला येणं जमत नसेल तर नाशिकमधल्या कोणा नातेवाइकाला, आईच्या जुन्या शेजारणीला आठवड्यातून एकदा पाठवा, दरवेळी वेगळ्या वेळी, कधी जेवणाच्या, कधी संध्याकाळी सातच्या. ज्या आजींकडे कोणीतरी अवचित येऊन जातं, त्यांच्याशी वागताना हात आपोआप सांभाळून पडतात.

आणि चौकशीअंती मारहाणच निघाली तर भीड धरू नका. तातडीची गरज असेल तर 112, सल्ल्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची 14567 ही हेल्पलाइन. लेखी तक्रार समाजकल्याण विभागाच्या जिल्ह्यातल्या सहायक आयुक्तांकडे करा. संस्था ट्रस्ट असेल तर एक प्रत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाला द्या. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, आई स्त्री असल्याने तिला तिथे मोफत मदतीचा हक्क आहे. मात्र तक्रारीआधी एक करा. आईच्या शेजारच्या पलंगावरच्या आजींशी, मावशी समोर नसताना, शांतपणे बोला. त्या रात्रंदिवस त्याच खोलीत असतात. आईला कोण कसं उचलतं, कोण ओरडतं, कोण मायेने करतं हे त्यांनी पाहिलेलं असतं, आणि बहुतेक वेळा त्यांना कोणी विचारलेलंच नसतं. त्या जे सांगतील ते त्यांच्या शब्दांत लिहून घ्या. केंद्राला पत्र लिहिताना मात्र त्यांचं नाव त्यांना विचारल्याशिवाय घालू नका, कारण त्यांना उद्याही तिथेच राहायचं आहे.